मावशीच्या शिरक्याची परीक्षा

कागोशिमा, ९ नोव्हेंबर

ती. कियोनो मावशीस मिसाओचा वाकून नमस्कार.

ओबोनच्या सणानंतर पत्र नाही, माफ कर. गुडघे कसे आहेत? (खरं सांग; ‘आहेत दोन’ हे उत्तर नको.) तू दुकानाच्या फलकासाठी दोनच ओळी मागितल्या होत्यास: रांजणात मुरणारा आपला तांदळाचा काळा शिरका रक्तवाहिन्या तरुण ठेवतो, खाली माझं नाव आणि पदवी. शेजारच्या हिराताने फलकावर डॉक्टरचं चित्र लावल्यापासून गिऱ्हाईक तिकडे वळलंय आणि नववर्षापर्यंत खप वाढला नाही तर तू रांजण त्यालाच विकणार, हे कळल्यापासून मला चैन नाही.

म्हणून शिरका प्रयोगशाळेत नेला. तिथे आम्ही बशीत रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी वाढवतो. पहिल्या खेपेला सगळ्या मेल्या. आंबटपणा आधी मोडायला हवा होता, हे मला ठाऊक होतं. पण तुझ्या शिरक्यात काही मिसळायला हात धजेना. (‘रांजणात बोट घाल, अक्कल घालू नकोस,’ हे तुझंच वाक्य.) दुसऱ्या खेपेला मन घट्ट करून आंबटपणा मोडला. मग पेशींवर पेरॉक्साइड सोडलं. लोखंडाला गंज चढावा तसं ते त्यांना पोखरतं. शिरक्यातल्या अमिनो आम्लांवर पोसलेल्या पेशी मात्र तगल्या, कारण त्यातूनच त्या आपला गंजरोधक, ग्लुटाथिओन, घडवतात. मी इतकी हरखले की बशीला कान लावला. मागे सामेशिमा सर उभे.

“काय म्हणतायत?”

“काही नाही, सर.”

“तोंडात घास असेल. आता बाटलीतली साधी अमिनो आम्लं घालून बघा.”

बघितलं. त्यांच्यावरही पेशी तितक्याच तगल्या, म्हणजे ही आपल्याच शिरक्याची करामत नव्हे. शिवाय बशी म्हणजे माणूस नव्हे. दोन ओळींनी कुणाचं काय बिघडणार, असं स्वतःला बरंच समजावलं. पण एखादे आजोबा रक्तदाबाची गोळी सोडून शिरका पीत बसले तर? मावशी, मी नाही लिहू शकत.

तेव्हापासून शिरक्याचा वास मात्र नाकातून जात नाही. लहानपणी साकुराजिमा ज्वालामुखी धुमसला की रांजणांच्या झाकणांवर राख साचायची. तू पुढे केरसुणी घेऊन, मी मागे. मग प्रत्येक रांजणाला कान. आत तांदूळ विस्तवावाचून बुडबुडायचा. ‘हा बोलतोय, तो रुसलाय,’ तू म्हणायचीस, आणि रुसलेल्याला ढवळता ढवळता शिव्या द्यायचीस. आमच्या यंत्रांना रुसता येत नाही, ती नुसती बंद पडतात.

तुझी,
मिसाओ

ता.क. फलकावर लिहायचंच तर असं लिही: ‘माझी भाची हा शिरका लहानपणापासून पिते. चव उत्तम. बाकीचं तिला अजून माहीत नाही.’ पदवी खुशाल लाव.

ता.क. दुसरा: हिराताला शब्द देऊ नकोस. निदान भिंतीकडची रांजणांची ओळ ठेव. त्यांची वसंतातली भरणी आपण दोघी करू. तांदूळ-पाणी मी वाहीन. यात संशोधन काही नाही. मला तिथे यायचंय.

माझं उद्याचं काम: भरणीसाठी सरांकडे रजा मागणे.