फुटलेली नळी

सोमवार, संध्याकाळ. टेंभुर्णी.

कापूस वेचताना पुतण्या सोपानच्या बायकोला साप चावला. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिचं रक्त काचेच्या नळीत ठेवलं. म्हणाल्या, "वीस मिनिटं हात लावू नका. रक्त गोठलं नाही, म्हणजे विष भिनलंय, तरच विषावरचं इंजेक्शन. उगाच दिलं तर तेही जिवावर बेततं."

सोपान खवळला. "बायको मरून राह्यली, अन् तू नळीकडं पाह्यत बसती?" त्यानं बाईंच्या तोंडावर ठोसा हाणला, नळी भिंतीवर फोडली. मी त्याला लाथ घालून पाडलं. सकाळी पोथी वाचलेला मी! पाय उचललाच कसा?

तोंड न पुसता बाईंनी पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेवढंच थांबणं आलं, सोपानच्याच हातानं. शेवटी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं हललं. इंजेक्शन सुरू झालं.

बाईंच्या ओठावरचं रक्त तोवर गोठून काळं पडलं होतं.