शॉमबर्गहून पाहिलेला ग्वातेमाला

७ डिसेंबर, रविवार

संध्यामावशीने तिकिटं काढूनच टाकली. तीन! स्वतःचं, अनिलकाकांचं आणि माझं. ग्वातेमाला, जानेवारीत, एक आठवडा. मला विचारलं नाही. म्हणजे विचारलं होतं, दिवाळीच्या फराळाला, माझ्या तोंडात चकली असताना. मी मान हलवली होती. तिने ती मान धरली.

मावशी म्हणजे आईची नागपूरची कॉलेजमधली मैत्रीण. तीस वर्षं इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये. माझ्या अपार्टमेंटपासून दोन सिग्नल पलीकडे. त्यातल्या एका सिग्नलच्या वेळा मी बसवल्या आहेत. नोकरीच ती. काका तिथे रोज लाल दिव्यावर अडकतात आणि मला नावानिशी शिव्या घालतात.

सहलीचा आराखडा मी करायचा. "तू इंजिनिअर आहेस, तू कर. यांच्यावर सोडलं तर आठवडाभर हॉटेलचा ब्रेकफास्टच बघू."

काकांची अट एकच: सगळे पॉइंट कव्हर झाले पाहिजेत. पॉइंट! माथेरानपासून मध्य अमेरिकेपर्यंत मराठी माणसाचं जग पॉइंटांचं बनलेलं आहे.

९ डिसेंबर

आराखडा, पहिला खर्डा. अँटिग्वा: जुनी राजधानी. भूकंपाने इतकी खिळखिळी झाली की सरकार कंटाळून दुसरीकडे गेलं. पडकी चर्च तशीच ठेवली आहेत आणि आता तिकीट लावून दाखवतात. मग आतित्लान सरोवर, काठावर ज्वालामुखी. मग चिचिकास्तेनांगोचा बाजार, जो फक्त गुरुवारी आणि रविवारी भरतो. शेवटी तिकाल: जंगलातली माया लोकांची दगडी मंदिरं.

काकांना पाठवलं. उत्तर आलं — "ज्वालामुखी चालू आहे का बंद? चालू असेल तर इन्शुरन्सचं बघ."

१२ डिसेंबर

कुशचा फोन. माझा धाकटा भाऊ, नागपूर. बावीस फेब्रुवारीला लग्न.

"ताई, तू येऊन राहिली की नाही, एकदा फायनल सांग ना बे! करवली कोण होणार मग? आई म्हणते शोभनाकाकूंची मुलगी आहे. नऊ वर्षांची आहे ती! माझ्यामागे कलश घेऊन उभी राहील की कलशात बोटं घालत बसेल?"

"बघते," म्हटलं.

"चार वर्षं झाली तुझं बघणं चालू आहे."

इथे एकदाच स्पष्ट लिहून ठेवते. पासपोर्टमधला माझा अमेरिकन व्हिसाचा शिक्का संपला आहे. इथे राहायला आणि काम करायला काही अडचण नाही, त्याची परवानगी वेगळी असते आणि ती चालू आहे. पण भारतात गेले की परत यायला नवा शिक्का हवा, आणि त्याच्या तारखा तिथे महिनोन्महिने पुढे जातायत. कंपनीची वकील म्हणते, प्रवास टाळा. मॅनेजर अतिशय गोड आवाजात म्हणाला, "फार दिवस अडकलीस तर जागा धरून ठेवता येणार नाही." म्हणजे लग्न किंवा नोकरी. नोकरी गेली की हे घर, हे गाव, सगळंच.

कुशला यातलं काही सांगितलं नाही. त्याला 'रजेचा प्रॉब्लेम' माहीत आहे.

१३ डिसेंबर

सकाळी दात घासताना लक्षात आलं — ग्वातेमाला हासुद्धा अमेरिकेच्या बाहेर आहे!!

नेत्राला उठवलं (रूममेट, तीही याच शिक्क्यांच्या बाजारातली). ती अर्धवट झोपेत, "अगं यार, कॅन्कूनला सगळे जाऊन आले की. माझ्या ऑफिसातला शार्दूल गेला. मी गेले. काही होत नाही."

कॅन्कूनला होत नाही, बरोबर आहे. मेक्सिको आणि कॅनडाच्या छोट्या ट्रिपसाठी संपलेल्या शिक्क्यावर परत येता येतं. तेवढी सवलत आहे. आपल्या लोकांनी त्या सवलतीतून आख्खं कॅन्कून झिजवलंय. पण ती सवलत ग्वातेमालाला नाही. उलट तिथे व्हिसाशिवाय आत सोडतात ते चालू अमेरिकन शिक्का बघूनच.

आणि मी? नकाशात मेक्सिकोला चिकटलेला देश बघितला आणि धरून चालले. ऑफिसात कोणी असं गृहीत धरून डिझाइन पाठवलं तर मी परत पाठवते. लाल शाईने.

१४ डिसेंबर

मावशीला सांगायला गेले. तिने माझ्यासाठी टोपी घेऊन ठेवलीय. गळ्याशी दोरी असलेली. सांगितलं नाही.

२१ डिसेंबर

आराखडा, चौथा खर्डा. इतका चांगला झालाय की मलाच जावंसं वाटायला लागलंय.

सांतियागो आतित्लान नावाच्या गावी माशिमोन म्हणून एक देव आहे. लाकडाचा. डोक्यावर हॅट, गळ्यात रुमाल, तोंडात सिगार. नैवेद्याला दारू! दर वर्षी एका भक्ताच्या घरातून दुसऱ्याच्या घरी राहायला जातो. लीज संपल्यासारखा.

काकांना वाचून दाखवलं. काका भारावले. "हा देव आपल्या मंडळाने आणायला पाहिजे. गणपतीला व्हॉलंटिअर मिळत नाहीत, याला रांग लागेल."

मावशी म्हणाली, "आणि तुम्ही पहिले."

"मी सेवेकरी."

३ जानेवारी

सांगितलं. एका दमात, नियमासकट. टोपी परत दिली.

काका म्हणाले, "कॅन्कूनला तर—"

"कॅन्कून नाही, काका."

मावशीने टोपी उलटसुलट केली. चिडली नाही. मग विचारलं, "म्हणजे कुशच्या लग्नालासुद्धा जाणार नाहीयेस?"

तीन आठवडे मी एकाच गोष्टीची तयारी करून गेले होते, ती सोडून तिने दुसरंच विचारलं. म्हटलं, "बघते."

"आईला माहितीये?"

"रजेचा प्रॉब्लेम म्हणून माहितीये."

"छान," मावशी म्हणाली. तिचं 'छान' मला अजून टोचतंय.

१० जानेवारी

त्यांना विमानतळावर सोडून आले. उणे अकरा तापमान. काकांच्या बॅगेत लोणचं, भाजणी, मेतकूट. "तिकडे काय मिळेल सांगता येत नाही." मक्याच्या देशात चाललेत, उपाशी मरतील बिचारे!

मला फोनवर हजर राहायचंय. आराखड्याची शंका आली तर.

११ जानेवारी

शंका आल्या. सतरा. पिवळी कमान कुठली? (तुमच्या मागे आहे, मावशी. फोन फिरव.) ढगात गेलेला डोंगर दिसत नाही, पैसे परत मिळतात का? (डोंगर फुकट आहे, काका.) गुरुवारचा बाजार उद्या भरवतील का?

एक पडकं चर्च बघून काका: "याला डागडुजी का करत नाहीत? आपल्याकडे असतं तर चुना फासून, ट्यूबलाइट लावून चकाचक केलं असतं." तेही खरंच आहे.

१३ जानेवारी

आराखडा कोसळला. मावशीने सरोवराकाठचे तीन पॉइंट कॅन्सल केले. फोटो आला: ती एका बाईच्या चुलीपाशी बसून मक्याची भाकरी थापतेय. दोघींच्या हातांची टाळी एकसारखी, भाषा एकही समान नाही. काका मागे उसळीत लोणचं कालवतायत.

"अगं, काळ्या घेवड्याची उसळ आणि भाकरी! 'हेच बघायला एवढ्या लांब आलो का' म्हणून हे चिडलेत. जेवतायत मात्र तिसऱ्यांदा."

मी लिहिलं, "बोट चुकेल." उत्तर, "चुकली."

रागच आला. मग जाणवलं, मी शॉमबर्गमध्ये बर्फात बसून दुसऱ्याच्या बोटीसाठी रागावतेय.

१४ जानेवारी

माशिमोनचं दर्शन झालं. काकांनी बाटली चढवली, म्हणजे देवाला. देवाच्या सेवेकऱ्याने काकांनाही एक घोट दिला. तीर्थ म्हणून घेतलं म्हणे. मावशीने व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. सुहासिनीकाकूंनी खाली हात जोडलेले दोन इमोजी टाकलेत. बहुतेक न बघता.

१६ जानेवारी

तिकाल. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल. उंच मंदिराच्या माथ्यावर मावशी, खाली जंगलच जंगल, त्यातून दोन दगडी शेंडे वर आलेले. माकडं अशी ओरडत होती की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, काय चाललंय?

मावशी धापा टाकत, "तुझ्या आराखड्यात चूक आहे."

"कुठे?"

"तू लिहिलंयस, 'नवव्या शतकानंतर येथील लोक अचानक नाहीसे झाले.' मी आमच्या गाईडला वाचून दाखवलं. तो हसायलाच लागला. तो स्वतः माया आहे. त्याची आई माया, बायको माया. म्हणतो, मग मी कोण, भूत?"

"मग झालं काय होतं?"

मागून काका ओरडले, "पाऊस नव्हता आणि राजे भांडत होते! मॅनेजमेंट प्रॉब्लेम!"

"निघून गेले, एवढंच," मावशी म्हणाली. "दुसरीकडे जाऊन मका लावला. आणि गंमत सांगू? आता त्यांच्याच मंदिरावर चढायला आपण तिकीट काढतो. सावनी, हे बघ, दिसतंय का? थांब, फोन फिरवते."

दिसलं. बराच वेळ. सुट्टी संपून गेली तरी.

संध्याकाळी आराखडा उघडून 'अचानक नाहीसे झाले' खोडलं, 'निघून गेले' लिहिलं. सहल संपल्यावर आराखडा दुरुस्त करणारी बाई मी.

१८ जानेवारी

दोघांना घरी आणलं. काका उन्हाने तांबूस. म्हणतात, निम्मेच पॉइंट झाले, परत जायला पाहिजे. माझ्या सिग्नलवर अडकलो. "ग्वातेमालात सिग्नलच नव्हते," काका म्हणाले. "स्वर्ग."

मावशी उतरताना म्हणाली, "आईला मी काही बोलणार नाही. पण तू बोल."

२५ जानेवारी

आईला खरं सांगितलं. रजा नाही, शिक्का. ती म्हणाली, "तू ये म्हणणार नाही मी. मग तिकडे तुझं काही बिघडलं तर मीच म्हटलं होतं असं व्हायचं. नको ये, असंही म्हणणार नाही."

मग कुशने फोन ओढून घेतला. नेहमीसारखा ओरडेल वाटलं. "असं आहे होय," एवढंच म्हणाला. आणि मग हळूच, "व्हिडिओवर राहशील ना, ताई?"

त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

१ फेब्रुवारी

शिक्क्यासाठी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतली पहिली मोकळी तारीख बघितली. ऑगस्ट! म्हणजे लग्नाला गेले की सहा महिने तिकडेच, आणि तोवर ही नोकरी कोण धरून ठेवतंय.

८ फेब्रुवारी, रविवार

गाडी विकली. घेणारा माणूस दोनदा बॉनेट उघडून बघत होता. एवढी चांगली गाडी का विकता, इंजिनात काही लफडं आहे का? म्हटलं, इंजिन उत्तम आहे. माझ्या भावाचं लग्न आहे.

लग्नाला जायला गाडी कशाला विकायला लागते, ते त्याला कळेना. मी समजावत बसले नाही. किल्ली दिली आणि चालत घरी आले.