दोन धबधब्यांमधला मासा

प्रिय कटोंगो,

तुझा निरोप पोचला. शाळेतल्या मास्तरांनी तो त्यांच्या फोनवरून मला वाचून दाखवला, तोही नळावरच्या बायकांसमोर, त्यामुळे तोंड हसरं ठेवावं लागलं. उत्तर मात्र कागदावर लिहितेय. फोनवर माझा आवाज चढला असता.

इथं बरं आहे, म्हणजे छपराचे पत्रे गळत नाहीत. कसावा लावलाय, पण धरणवाल्यांनी दिलेली ही जमीन रेताड. कंद निघतात ते बोटाएवढे. बोटाएवढं काही हातात आलं की मला अजून आपला दगडचाट्याच आठवतो. आई कंबरभर खळाळात उभी राहून दगड उचलायची आणि आपण दोघं खालच्या अंगाला टोपली धरायचो. अंगावर खवला म्हणून नाही, बुळबुळीत तपकिरी पाठ, तिच्यावर फिके पट्टे, आखूड मिशा, आणि डोक्याखाली ते गोल तोंड. ओठांची वाटी करून दगडाला असा चिकटायचा की पुरातही सुटायचा नाही. त्याच्या पाठीवरचा काटा तुला लागला तेव्हा केवढा बोंबललास! आई म्हणाली, "रड, रड. त्याच्या घरात हात घातलास, तर तो काय कसाव्याच्या पिठाची उब्वाली वाढेल तुला?"

मग तू लुसाकाला जाऊन माशांचं शास्त्र शिकलास. आजूबाजूची एकेक नदी पालथी घातलीस, आणि एका दुपारी धावत येऊन आईला चक्क उचललंस. "आई, हा दुसरीकडे कुठंच नाही! वरच्या धबधब्यापासून खालच्या धबधब्यापर्यंत, बस्स! धावतं पाणी नसेल तर जगायचाच नाही!" आई म्हणाली, "मग काय, भाडं मागू त्याच्याकडे? खाली ठेव मला." पण संध्याकाळपर्यंत घरोघर सांगून आली.

म्हणून चर्चच्या अंगणातल्या सभेत धरणवाल्या साहेबांशेजारी त्यांचा तज्ज्ञ होऊन तू उभा राहिलास, तेव्हा ती सगळ्यांत पुढे बसली होती. कुणीतरी माशाचं विचारलं. तू स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणालास, "असे मासे या भागातल्या बऱ्याच नद्यांत आहेत. काळजीचं कारण नाही." शेजारची चिलुफ्या आईच्या कानाशी कुजबुजली, "अगं, तुझ्याच पोरानं उलटं सांगितलं होतं ना?" आई म्हणाली, "गप बस. माझा मुलगा बोलतोय." आणि तिनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्याच बायकांनी वाजवल्या. त्यानंतर कुणी काही विचारलंच नाही.

धरणाचे दरवाजे लागले. पाणी चढलं, खळाळ मुका झाला, दगडांवर गाळ बसला. पुढच्या उन्हाळ्यात आई एवढं चालत तिथं गेली, छातीभर पाण्यात शिरून पायानं दगड चाचपत राहिली आणि रिकामी टोपली घेऊन आली. मला म्हणाली, "म्हातारी झाले गं, हाताला लागत नाहीत." मरेपर्यंत तिनं हेच सांगितलं. तिच्या मयताला तू एवढी महागाची पेटी आणलीस, तेव्हाही मी गप्प राहिले. तिनं मला बोलू दिलं नसतं.

आता तू कळवतोस, की बाटल्यांत जपून ठेवलेल्या माशांवरून हा नवीनच मासा असल्याचं ठरलंय. तो फक्त आपल्या नदीत, दोन धबधब्यांच्या मध्येच होता, असं तू छापणार आहेस. आणि त्याला आईचं नाव देणार आहेस. वर म्हणतोस, "तेव्हा ताई, तिचा फोटो पाठव आणि नावाची अक्षरं नीट कळव." फोटो मी देणार नाही. गावानं तिला जन्मभर बानाकटोंगो म्हटलं, कटोंगोची आई. तिचं नाव सम्पा होतं हे कितीजणांना ठाऊक होतं? आपल्यात गेलेल्याचं नाव जिवंत माणसाला देतात, हे तू विसरला असशील. ते आम्ही माझ्या नातीला दिलंय, आणि ती आता चालायला लागलीय. माशाला नाव हवंच असेल, तर तुझं दे.

तुझीच, कारण तुला आता दुसरं कुणी उरलं नाही,
मुबांगा