तिसरी पुकार

५ नोव्हेंबर १९६१, रविवार. अकोला

एस्तेरला मागणी आली!

चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. मुलगा शलमोन तायडे, अमरावतीला शाळामास्तर. "पोरगी म्हणते, आधी बाईंना विचारा." मी म्हटलं, "तिची मर्जी." एवढंच बोलले आणि छत्री विसरून घरी आले.

शांतवनला जाऊन चौदा महिने झाले. माझा एकुलता एक मुलगा. त्याच डिसेंबरात त्याचं एस्तेरशी लग्न व्हायचं होतं.

७ नोव्हेंबर

शाळेत लक्ष नव्हतं. चौथीच्या मुलींना एकच उतारा दोनदा घातला. त्यांनी मुकाट्यानं लिहून घेतला.

पाळकसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी ठरवलं, की वसतिगृहातल्या प्रत्येक तरुण मुला-मुलीला मंडळीतलं एक घर द्यायचं. रविवारी तिथं जेवायचं, घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर एक स्तोत्र वाचायचं, मनातलं बोलायचं. माझ्याकडे एस्तेर आली. तेल्हाऱ्याची, आईबाप नाहीत, दवाखान्यात नर्सिंग शिकते. शांतवनची आणि तिची ओळख माझ्याच ताटांवर झाली.

पहिल्या वर्षी तिच्या हातात एक म्हातारी गेली. एस्तेर तशीच माझ्याकडे आली. "बाई, मले प्रार्थनाच सुचली नाही." मी म्हटलं, "लांब करू नकोस. आजाऱ्याला लांब प्रार्थनेनं दम लागतो. त्याचं नाव घे, देवाचं नाव घे, हात धर." आता वॉर्डात मुद्दाम तिला बोलावतात म्हणे.

शांतवन गेल्यावरही तिनं एक रविवार चुकवला नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

एस्तेरनं होकार दिला. लग्नाआधी तीन रविवार मंडळीत पुकार करतात, त्यातली पहिली आज झाली. पाळकसाहेबांनी दोघांची नावं वाचली. "या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्याने सांगावे." मी गीतपुस्तकाची पानं सरळ करत बसले.

बाहेर चतुराबाईंनी गाठलं. माझ्या मागच्या घरात राहतात, तोंडाला कुलूप नाही. "तोंड कावून उतरलं, बाई? पोरीले लोणच्यावानी बरणीत भरून ठेवलं तुमी. वाढसान कधी?"

राग आला.

१५ नोव्हेंबर

इथं तरी लिहिते. दुसरं कोणी वाचणार नाही.

मुदतीच्या तापाचा एकविसावा दिवस. दुपार. पलंगाभोवती पडदा लावला होता, पलीकडे कोणी नर्स बाटल्या धूत होती. शांतवन शुद्धीवर होता. अगदी पुरता शुद्धीवर. म्हणाला, "माय, एस्तेरले सांगजो — माह्यासाठी थांबू नको म्हणून." संध्याकाळी गेला.

मी सांगितलं नाही.

दफनाच्या दिवशी तिनं विचारलं, "बाई, शेवटी काही बोलला का तो?" मी म्हटलं, "तापात होता. काही नाही."

शाळेत चाळीस मुलींना खोटं बोलू नका म्हणते! पण या घरात त्याचं नाव घेणारी ती एकटीच उरली होती. निरोप दिला असता तर तीही गेली असती. दर रविवारी ठरवते — आज सांगू. मग ती त्याची काहीतरी आठवण काढते, आणि मी भात वाढते.

१९ नोव्हेंबर, रविवार

दुसरी पुकार. जेवताना एस्तेरनं घास ताटात ठेवला.

"बाई, तिसऱ्या पुकारीले मीच उभी राहीन. माह्यीच हरकत आहे म्हणीन."

"वेडी आहेस का? शलमोन आवडत नाही?"

"आवडते. चांगला आहे तो. पण शांतवननं मले मोकळं केलं नाही. तुमीच तं सांगितलं — काही बोलला नाही म्हणून."

माझ्याकडे बघत राहिली. मी उठून पाणी आणायला गेले. तांब्या भरलेलाच होता.

स्तोत्र वाचायचं राहिलं.

२२ नोव्हेंबर

भरल्या मंडळीत स्वतःच्या लग्नाला नाही म्हटल्यावर तिला पुन्हा कोण विचारील? आणि ते माझ्या खोटेपणावर. प्रभू, मला तोंड दे.

२५ नोव्हेंबर, शनिवार

दवाखान्यात गेले. शांतवनला तिथून घरी आणलं त्या दिवसानंतर पहिल्यांदा. फाटकापाशी पाय अडले. वॉचमन बशीर म्हणाला, "बाई, पानी पियोगे?" प्याले आणि आत गेले.

एस्तेर चादरींचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यात होती. बसायला जागा नव्हती. उभ्यानंच सांगितलं, त्याच्याच शब्दांत. मग म्हटलं, "मी लपवलं. तू जाशील म्हणून लपवलं."

तिनं गठ्ठा खाली ठेवला. माझे दोन्ही हात धरले. माझं नाव घेतलं, देवाचं नाव घेतलं. छोटीशीच प्रार्थना. मग म्हणाली, "ड्युटी आहे, बाई," आणि चादरी उचलून गेली.

रागावली का, कळलं नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

तिसरी पुकार. हरकतीचं विचारून पाळकसाहेब थांबले. एस्तेर पुढच्या बाकावर, पाठ ताठ. कोणी उठलं नाही. माझ्या मागे चतुराबाईंनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की पेटीवाला वळून बघू लागला.

जेवायला आली. दोनदा भात घेतला.

२८ डिसेंबर

लग्न झालं. माझ्या घरून निघाली. शांतवनशी व्हायच्या लग्नासाठी घेतलेली पांढरी साडी तिनं स्वतः मागितली. मी दिली.

७ जानेवारी १९६२, रविवार

दोन ताटं घेतली. एक परत ठेवलं.

एस्तेरचं पत्र कालच आलं होतं, आज जेवण झाल्यावर उघडलं. नव्या दवाखान्याचं, शलमोनच्या शाळेचं, घरात पाल निघाली त्याचं लिहिलं आहे. शेवटी चार ओळी —

"माय, त्या दुपारी पडद्याआड बाटल्या मीच धूत होते. मी सगळं ऐकलं होतं. पण ते गुपित तुमच्याजवळ ठेवून मी निघून गेले असते, तर तुम्ही त्या गुपितासंगं एकट्या राहिल्या असत्या. दर रविवारी वाटे, आज बाई सांगतील."

चौदा महिने. ती माझ्यासाठी थांबली होती.