पोंचोची घडी

५ ऑगस्ट, सोमवार

लोकरीचा पोंचो प्रयोगशाळेतच विसरलो! चार हजार मीटरवरच्या एल आल्तोच्या या वाऱ्यात नुसत्या स्वेटरवर घरी आलो. अजून दात वाजतायत, अक्षरं वाकडी.

आज झोपून सायकल मारायला लिओकाडिया चोके आली. आजारी नाही. पठारावरच्या लामा राखणाऱ्यांच्या अभ्यासात तिनं नाव दिलंय. डॉक्टर हिमेनानं मानेच्या शिरेतून बारीक नळी फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेली. दाबमापक छातीच्या समपातळीत आणून शून्यावर लावणं, हे माझं काम. इथली सायकल दुरुस्त करायला म्हणून आलो होतो, त्याला एकतीस वर्षं झाली.

पेडल मारण्याआधीचा आकडा घेतला, आणि बाई कुडकुडायला लागली. "ताता, ही खाट आहे की गोठलेलं तळं?" आमच्यात आल्यागेल्याला कुणी उघड्या थंडगार जागेवर टेकवत नाही. नळी सांभाळून माझा पोंचो घडी करून पाठीखाली, रबरी चादरीच्या आत सरकवला. मग तिनं पेडल काय मारले! वर तोंड चालूच— "माझी नेग्रीता लामा कळपाच्या पुढे चालते. सगळ्यांच्या कानातले गोंडे मी स्वतः विणते हं. विकतचे नाही."

७ ऑगस्ट, बुधवार

काल राष्ट्रीय सुट्टी. आज निकाल.

नुसतं पडून असताना दाब वीस, पेडल मारताना अडतीस. मिनिटाला वाहणारं रक्त पाच लिटरचं दहा झालेलं. रक्त जास्त वाहिलं की दाब वाढणारच, पण लिटरमागे तीनपर्यंत. तिचा साडेतीनच्या वर.

डॉक्टर म्हणाली, "बाई, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल होत नाहीयेत. पठार सोडा. खाली युंगासच्या उबदार दरीत राहायला जा."

"आणि लामा?"

"त्यांना काय धाड भरलीय? तुम्ही स्वतःचं बघा."

"तिथल्या उकाड्यात, एवढी लोकर अंगावर घेऊन?" डॉक्टरनं अहवालावर सही केली.

८ ऑगस्ट, गुरुवार

चैन नाही. अडतीसवाला माणूस धापा टाकतो. ही गोंड्यांच्या गप्पा मारत होती!

९ ऑगस्ट, शुक्रवार

पोंचो सापडला. खाटेच्या रबरी चादरीखाली, आठ घड्या घातलेला. सोमवारनंतर खाटेवर कुणी झोपलंच नव्हतं.

पट्टी आणली. वजनानं दाबून मोजलं— नऊ सेंटिमीटर.

म्हणजे बाई नऊ सेंटिमीटर वर गेली आणि मापक राहिला खाली. मी तो पुन्हा लावलाच नाही! एवढ्यानं दाब सातनं जास्त दिसतो. अडतीसचे एकतीस होतात. लिटरमागे दोन-सव्वादोन. ठणठणीत बाई!

तेवढ्यात डॉक्टर आत आली. "माएस्त्रो, मी नव्या मुलांना सांगते, मापकाचं शिकायचं तर तुमच्याकडून. तुमच्या हातात पाणसळ आहे."

हसलो. पोंचो अंगात घातला आणि घरी आलो.

१० ऑगस्ट, शनिवार

सोमवारी सांगतो. दोन दिवसांनी काय बिघडतं?

११ ऑगस्ट, रविवार

फेलिपानं चुन्योचं, सुकवलेल्या बटाट्यांचं सूप केलं होतं. नुसतं ढवळत बसलो.

"गार झालं ते. कुणाचा खून करून आलायस का?"

बायकोपासून काय लपवणार? सगळं सांगितलं.

"आणि तू इथे बसलायस?"

"शाळा न शिकलेला माणूस मी, फेलिपा. डॉक्टर म्हणेल—"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. त्या बाईला पठार सोड म्हटलंय, ते बघ आधी."

सूप मांजरानं प्यायलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

सांगितलं. पट्टी, पोंचो, घडी— सगळं समोर ठेवून.

डॉक्टरनं घडीवर हात ठेवला. मग पट्टीवरचा आकडा बघितला.

"कधी कळलं?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी मी तुमच्यासमोर उभी होते."

"हो."

"पोंचोचं मी विसरून जाईन, माएस्त्रो. शुक्रवारचं नाही."

ओरडली असती तर बरं झालं असतं. लिओकाडियाला निरोप गेला— पुन्हा तपासणी, बुधवारी.

१३ ऑगस्ट, मंगळवार

मापक आज अकरा वेळा लावून बघितला. कुणी नसताना!

१४ ऑगस्ट, बुधवार

खाट आधी शेगडीनं उबदार केली, पाठीखाली काही नाही. पेडल मारताना तीस.

"पठार तुमचंच आहे, बाई!" डॉक्टर म्हणाली.

लिओकाडिया हसली नाही. उठून गाठोडं सोडलं. "लामा रविवारच्या बाजारात विकून टाकल्या, ताता. गोंडे तेवढे मी सोडवून घेतले." एकेक करून माझ्या टेबलावर ठेवत गेली. लाल, गुलाबी. नेग्रीताचे सगळ्यात शेवटी.