खोली क्रमांक दोन

नोव्हाय, अमेरिका, रविवार संध्याकाळ

आज मीच फसत होतो! परदेशातून ऑनलाइन मतदान होत नाही, गावी जाऊनच करावं लागतं, हे ग्रुपवर सगळ्यांना बजावणारा मी. क्लास न लावता कॉम्प्युटर शिकलेला. तरी ताईनं पाठवलेली ‘घरबसल्या मतदान’ लिंक उघडली, पासपोर्ट नंबरही भरला. का? तर केंद्रांच्या यादीत आमची शाळा दिसली, खोली क्रमांक दोन. ओटीपी मागितला तेव्हा कुठे हात थांबला.

ताईला फोन केला. “लिंक खोटी आहे, पुढे पाठवू नकोस.”

“बरं बाबा, हुशार तू. मग खरं मत द्यायला कधी येतोस?”

पासपोर्ट नंबर गेला तो गेला, पासवर्ड सगळे बदलले. मग विमानाच्या तिकिटांचे दर बघत बसलो. खोली क्रमांक दोनच्या खिडकीतून चिंच दिसायची. अजून असेल?