आई बरी आहे म्हणून सांगितलंय

छोट्या,

तुला उठवलं नाही. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे. वॉर्डात आज माणसं कमी आहेत, मी डबल ड्यूटी करून येईन.

काल कामावर असताना बँकेतल्या एका मुलीचा फोन आला. म्हणाली, "तुम्ही कार्डाची लिमिट वाढवून मागितलीत, पण मागचीच बाकी फिटलेली नाही, त्यामुळे जमणार नाही." मी कशाला मागतेय? पण कार्ड माझं असलं तरी पासवर्ड तुलाच पाठ. तरीही मी म्हटलं, हो, मीच मागितली होती. तुझं नाव सांगितलं असतं तर नसतं लचांड मागे लागलं असतं.

पैसे कशाला हवे होते, ते रात्री तोंडाने सांग. ओरडणार नाही. घरी येईपर्यंत तेवढं त्राणच उरत नाही अंगात. पण तिने तू लिहिलेलं कारण वाचून दाखवलं. आईचं ऑपरेशन! आईला जाऊन दोन वर्षं झाली रे. निदान तिला तरी यातून सोडायचंस.

फोन ठेवताना त्या मुलीने विचारलं, "आई कशा आहेत आता?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बरी आहे. जेवते आता नीट." आईची चौकशी हल्ली कुणीच करत नाही, छोट्या.

ताई